सुरगाठ आणि निरगाठ: सिंहगडाच्या कड्यापासून येलदरीच्या पाण्यापर्यंत दोराचा इतिहास

१/
४ फेब्रुवारी १६७०. सिंहगडाच्या कड्यावर त्या रात्री दोर लागला आणि मावळे वर चढले. तानाजी, सूर्याजी, शेलारमामा, उदेभान ही नावे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. घोरपडीचे नावसुद्धा लोकांनी ठेवले: यशवंती. मात्र ज्या दोरावर तीनशे माणसांचे प्राण तोलले गेले, तो दोर कोणी वळला आणि त्याच्या गाठी कोणी बांधल्या, हे कोणी विचारीत नाही. हा धागा त्या दोराविषयी आहे. तो सिंहगडावरून निघून परभणी जिल्ह्यातील येलदरीच्या जलाशयापर्यंत जातो आणि वाटेत चार-पाच उपयोगी गाठीही शिकवतो.

२/
आधी घोरपडीचा प्रश्न मिटवू. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीला लिहिल्या गेलेल्या सभासदाच्या बखरीत घोरपड नाही. चढण्यात तरबेज असे दोन मावळे आधी वानरासारखे कडा चढून गेले, त्यांनी वरून ‘माळ’ लावली आणि त्या माळेवरून बाकीचे लोक चढले, असा तिचा आशय आहे. माळ म्हणजे दोराची शिडी. घोरपड येते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. सूर्याजीने दोर कापून टाकल्याची कथा लोकपरंपरेत इतकी रुजली, की ‘परतीचे दोर कापणे’ हा मराठीतील वाक्प्रचार ऐकताच आज सिंहगड आठवतो. बखरीतील ‘माळ’ हा छोटासा शब्द मात्र बहुतेकांच्या वाचण्यात येत नाही.

३/
दोर इतिहासातून निसटतो, त्याचे पहिले कारण साधे आहे: तो कुजतो. येलदरी ज्या जिंतूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात चारठाणा हे प्राचीन मंदिरांचे गाव आहे. तेथील कोरीव शिळा आणि उंच स्तंभ आजही उभे आहेत. त्या शिळा खाणीतून ओढून आणताना आणि उभ्या करताना लागलेल्या दोरांचा एक तंतूही उरलेला नाही. दगड, तांबे, मातीची भांडी टिकतात; अंबाडी, ताग, कातडे, लाकूड टिकत नाही. जे टिकले त्यावरून युगांना नावे दिली गेली. दोराचे युग असे कोणी म्हटले नाही, कारण दाखवायला दोर शिल्लकच नव्हता.

४/
तरी कधीतरी नशीब साथ देते. फ्रान्समधील आब्री द्यू मारास या निवाऱ्यात एका दगडी हत्याराला चिकटलेला दोरीचा सूक्ष्म तुकडा सापडला. २०२० साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो चाळीस हजार वर्षांहून जुना, निअँडरथल मानवाच्या काळातील आहे आणि विशेष म्हणजे तिपदरी आहे. फिनलंडच्या सीमेजवळील अँट्रिया येथे १९१३ साली विलोच्या अंतर्सालीचे मासेमारीचे जाळे मिळाले. ते दहा हजार वर्षांहून जुने ठरले. सिंधू संस्कृतीच्या स्थळी दोरी कुजून गेली, तरी तांब्याचे गळ आणि जाळ्यांची भाजक्या मातीची वजने उरली. वजन सापडले की जाळे होते, जाळे होते म्हणजे गाठ होती. शेतीच्याही आधी माणसाला गाठ येत होती.

५/
आता मराठवाड्याकडे येऊ. येथला दोर शेतातच उगवत असे. अंबाडी हे त्याचे मुख्य पीक. तिच्या कोवळ्या पानांची आंबट भाजी भाकरीबरोबर खायची आणि वाढलेल्या ताटांपासून तंतू काढायचे. ताटे कापून, पेंढ्या बांधून, दगडाखाली दाबून ओढ्याच्या किंवा डोहाच्या पाण्यात कुजत ठेवीत. साल सैल झाली की ती सोलून, धुऊन, झोडपून, उन्हात वाळवीत. हा जो तंतू हाती येई त्याला वाख म्हणतात. तागाचा, घायपाताचाही वाख निघतो. किती दिवस कुजवायचे याचा अंदाज महत्त्वाचा असे. कमी कुजले तर साल सुटत नाही, जास्त कुजले तर तंतूच तुटतो. हे ठरवणारे बोट कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही.

६/
वाखाचा दोर होतो तो पिळामुळे. तंतू एका दिशेला पिळून पदर करतात, मग दोन किंवा तीन पदर उलट दिशेने एकमेकांभोवती वळतात. प्रत्येक पदर उलगडू पाहतो, पण त्याचे उलगडणे म्हणजे दोराचे आवळणे. दोन विरुद्ध ओढी एकमेकींना अडवून धरतात. वीतभर लांबीच्या तंतूंपासून शंभर हाताचा दोर यामुळेच बनतो. तंतू एकमेकांना चिकटवलेले नसतात, घर्षणाने धरलेले असतात. फ्रान्समधील त्या प्राचीन तुकड्यातही हीच उलटसुलट पिळाची युक्ती आहे. ‘सुंभ जळला तरी पीळ जळत नाही’ ही म्हण अशाच बारीक निरीक्षणातून आली. जळालेल्या सुंभाची राखसुद्धा काही काळ पिळाचा आकार धरून राहते.

७/
हे काम कोण करी? गावगाड्यात दोर वळणे हे मातंग समाजाकडे असलेले काम होते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीची जी व्यवस्था दिसते, तीत या कामाचा मोबदला रोख किमतीने नव्हे, सुगीच्या वेळी धान्याच्या वाट्याने मिळे. शेतकऱ्याने वाख द्यायचा आणि वर्षभर लागतील ते दोर वळून घ्यायचे. पोळ्याला बैलाच्या नाकात नवी वेसण, गळ्यात नवे दावे, हातात नवा कासरा हवाच. मराठवाड्याच्या सर्वांत लाडक्या सणाची तयारी अशी दोर वळणाऱ्याच्या अंगणापासून सुरू होत असे.

८/
दोर हा एक शब्द झाला. त्याच्या पोटात एक गावच आहे. बैलाच्या नाकातली वेसण, तोंडावरची म्होरकी, हाकणाऱ्याच्या हातातला कासरा, खुंट्याला बांधायचे दावे, दाव्यांची रांग ती दावण. गाडीवरचा कडबा आवळायला लांबलचक चऱ्हाट. विहिरीवर नाडा आणि सोंदूर. घरात दह्या-लोण्याचे मडके टांगायला शिंके, बाज विणायला सुंभ, पोती शिवायला सुतळी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश चाळला, १८३१ चा पहिला किंवा १८५७ चा दुसरा, तर अशा शब्दांची रेलचेल दिसते. कोशकाराने शब्द टिपले, ते वळणारे हात टिपणे हे त्याचे काम नव्हते.

९/
यातील नाडा आणि सोंदूर ही जोडी म्हणजे यंत्रशास्त्राचा नमुनाच. मोटेला चामड्याची लांब सोंड असते. नाडा हा जाड दोर मोटेच्या तोंडाला बांधलेला, तो वरच्या चाकावरून जातो. सोंदूर हा बारीक दोर सोंडेच्या टोकाला बांधलेला, तो थारोळ्याच्या काठावरील आडव्या कण्यावरून जातो. दोन्हींची दुसरी टोके बैलांच्या जुवाला. बैल धावेवरून उतरू लागले की मोट वर येते, तेव्हा सोंड दुमडून उभी राहते, म्हणून पाणी सांडत नाही. काठ आला की मोट आणखी वर जाते, पण सोंदूर सोंडेला थारोळ्याकडे आडवी ओढतो आणि पाणी आपोआप ओतले जाते. माणसाचा हात लागत नाही. सगळे गणित दोन दोरांच्या लांबीतील फरकात आहे. तो फरक चुकला, तर पाणी परत विहिरीत.

१०/
इथेच या इतिहासातील सर्वांत अवघड गाठ आहे. ज्या विहिरीचा नाडा मातंगाच्या हातांनी वळला, त्या विहिरीवर पाणी भरण्याचा अधिकार त्याला नव्हता. दोर पाण्यात उतरे, वळणारा उतरू शकत नसे. त्याने केलेली वेसण बैलाला चाले, त्याच्या हातचे पाणी माणसाला चालत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा प्रश्न एका तळ्यापुरता नव्हता. गावोगावच्या अशा प्रत्येक विहिरीचा होता. दोराचा इतिहास लिहिताना ही गोष्ट वगळली, तर उरते ते केवळ ग्रामजीवनाचे गोड चित्र.

११/
आता गाठींकडे वळू. मराठीने गाठींचे दोन मुख्य वर्ग पाडले आहेत: निरगाठ, म्हणजे जी सहज सुटत नाही, आणि सुरगाठ, म्हणजे एका हिसक्यात सुटते ती. सुरगाठ कच्ची असते असा समज चुकीचा आहे. गोठ्याला आग लागली, साप निघाला, तर दावे एका क्षणात सुटले पाहिजे. पण बैलाने ओढले तर सुटता कामा नये. त्यासाठी दावे खुंट्यामागून फिरवून घ्यावे. मोकळ्या टोकाने ताणलेल्या दोरावर एक वेढा घ्यावा. त्या वेढ्यातून टोक आरपार काढण्याऐवजी ते दुमडून त्याची दुपदरी कडी आत सरकवावी आणि आवळावी. जनावराच्या ओढीने गाठ घट्ट होते, टोक ओढताच मोकळी होते.

१२/
दोन टोके जोडायची सर्वपरिचित गाठ: उजवे टोक डाव्यावरून, मग डावे उजव्यावरून. गाठ चपटी बसते आणि दोन्ही टोके आपापल्या दोराला समांतर राहतात. दोन्ही वेळा उजवेच वरून घेतले तर टोके आडवी निघतात आणि गाठ सरकते. ही चपटी गाठ पट्टी बांधायला, गाठोडे बांधायला उत्तम. प्राचीन ग्रीक लोक तिला हेराक्लीसची गाठ म्हणत. पहिल्या शतकातील हेराक्लास नावाच्या ग्रीक वैद्याने जखमा व मोडलेली हाडे बांधण्याच्या गाठी पायरीपायरीने लिहून ठेवल्या. त्या चौथ्या शतकातील ओरिबासियसच्या संग्रहामुळे वाचल्या. गाठ लिहून ठेवल्याचे जगातील हे एक दुर्मीळ जुने उदाहरण आहे. एक सावधगिरी: माणसाचा भार पेलणारे दोन दोर या गाठीने कधीही जोडू नयेत.

१३/
खांबाला किंवा मेढीला दोर अडकवायचा असेल, तर एक वेढा घ्यावा, दुसरा वेढा पहिल्याला तिरका ओलांडून त्याच दिशेने घ्यावा आणि टोक या दुसऱ्या वेढ्याखालून काढावे. दोर स्वतःलाच दाबून धरतो. मांडवाच्या बांबूला आडवी काठी बांधताना सुरुवात याच गाठीने करणे सोयीचे असते. मात्र ओढ सतत दिशा बदलत असेल, जनावर खुंट्याभोवती फिरत असेल, तर ही गाठ हळूहळू सैल होते. अशा वेळी खुंट्याला आधी दोन पूर्ण वेढे द्यावेत, मग ताणलेल्या दोरावर दोन अर्धगाठी माराव्यात. भार वेढे पेलतात. अर्धगाठींनी फक्त टोक धरून ठेवायचे असते.

१४/
कडब्याची गाडी आवळण्याची युक्ती आज टेम्पोवर आणि दुचाकीवरही तितकीच उपयोगी पडते. दोराचे एक टोक एका अंगाला पक्के बांधावे, दोर ओझ्यावरून पलीकडे टाकावा. पलीकडच्या अंगाला, दोराच्या मध्येच, दोर दुहेरी करून साधी गाठ मारावी म्हणजे पक्की कडी होते. मोकळे टोक खालच्या आकड्याखालून घालून वर आणावे, कडीतून ओवावे आणि पुन्हा खाली ओढावे. हातातील ओढ कागदावर तिप्पट होते. घर्षणामुळे प्रत्यक्षात त्याहून कमी, तरी भरपूर. शेवटी सुरगाठ. एक लक्षात ठेवावे: दोरात कोणतीही गाठ मारली की त्या जागी त्याची ताकद घटते, काही वेळा जवळजवळ निम्म्याने. म्हणून जुना जाणकार ओझे बांधताना कमीत कमी गाठी मारतो.

१५/
गोठा, विहीर, गाडी झाली, आता पाणी. अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावणारी पूर्णा नदी परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. मराठवाड्याच्या नद्यांवर जाळे आणि नाव हे प्रामुख्याने भोई समाजाचे काम. एकेकाळी पालखी वाहणारे खांदे हेच, पावसाळ्यात लोकांना नदीपार नेणारे हातही हेच. नाव नसेल तेथे वाळलेले पोकळ भोपळे किंवा ओंडके दोराने एकत्र बांधून तरंगते साधन करीत. त्याला सांगड म्हणत. ‘दोन गोष्टींची सांगड घालणे’ असे आज सहज लिहिले जाते; त्या शब्दाच्या तळाशी ओले दोर आणि पुराचे पाणी आहे. सांगडीची एक गाठ सुटली, तर पैलतीर दिसत नसे.

१६/
या प्रदेशावर एकेकाळी कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते. बाराव्या शतकातील त्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचा भाग आहे. कोणते मासे कोठे राहतात, त्यांना कोणते आमिष लावावे, गळ व दोरी कशी वापरावी, याची चर्चा एका राजाने करून ठेवली. भारतीय मत्स्यशास्त्राचे अभ्यासक सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या भागाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. पण नाव पाहावे: विनोद, म्हणजे करमणूक. राजाचा छंद ग्रंथात गेला. पोटासाठी त्याच पाण्यात उभा राहणारा माणूस आपली विद्या मुलाच्या बोटांत ठेवून गेला.

१७/
ती विद्या म्हणजे जाळ्याची गाठ. साहित्य तीनच: सुताने भरलेली सपाट सुई, आस एकसारखे ठेवायला एक पट्टी आणि हात. वरच्या ओळीच्या फाशातून सूत खालून वर आणायचे, त्या फाशाच्या दोन्ही पायांमागून फिरवायचे आणि आपल्याच सुताखालून काढून आवळायचे. एक आस झाला. असे हजारो. इंग्रजीत हिला शीट बेंड म्हणतात, कारण जहाजांवर शिडाची दोरी बांधताना तीच वापरली जाई. १९४४ साली क्लिफर्ड ॲशले या अमेरिकी लेखकाने गाठींचा जो महाकोश छापला, त्यात सुमारे ३,९०० नोंदी आहेत. जगभरच्या कोळ्यांचे हाताने विणलेले जाळे मात्र प्रामुख्याने या एका गाठीवर उभे राहिले.

१८/
हीच गाठ जाड दोराला बारीक दोर जोडायलाही उपयोगी. जाड दोराचे टोक दुमडून फासा करावा आणि बारीक दोराने वरील कृती करावी. चपटी गाठ असे असमान दोर धरू शकत नाही, ही धरते. फेकून मारायचे गोल जाळे विणताना तर आणखी हिशेब लागतो. मध्यापासून कडेकडे जाताना ठरावीक अंतराने आस वाढवत न्यावे लागतात, नाहीतर जाळे हवेत फुलत नाही. कडेला शिशाच्या गोळ्या, मध्याला लांब दोरी, तिचा फासा मनगटात. जाळे पाण्यावर पूर्ण गोल पडले, तरच मासा सापडतो. भूमितीचा एकही तास न बसलेल्या माणसाने केलेले हे वर्तुळ आहे.

१९/
जाळे सुताचे असे आणि सूत पाण्यात कुजते. म्हणून मासेमारीइतकाच वेळ जाळे जपण्यात जाई: रोज धुणे, सावकाश वाळवणे, फाटलेले आस पुन्हा भरणे, झाडांच्या सालींच्या काढ्यात अधूनमधून बुडवून काढणे. सालीतील तुरट द्रव्य सुताला कुजण्यापासून काही काळ वाचवी. चामडे कमावण्यामागेही हेच तत्त्व. पण सुताचा एक मोठा गुण होता. ते पाण्यात फुगते, खरखरीत राहते, त्यामुळे ओली गाठ आणखी घट्ट बसते. एकेरी गाठ पुरते. शतकानुशतके एकच गाठ बदलावी लागली नाही, कारण धाग्याचा स्वभाव बदलला नव्हता.

२०/
तो बदलला एका दशकात. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. याच काळात पूर्णेवर येलदरीचे धरण उभे राहत होते. १९५८ साली सुरू झालेले काम १९६८ साली पुरे झाले. सुमारे ५१ मीटर उंचीचा मातीचा बांध, सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर साठवण, पायथ्याशी साडेसात मेगावॉटचे तीन संच. येथून सुटलेले पाणी खाली सिद्धेश्वर धरणात येते आणि तेथून कालव्यांनी परभणी, हिंगोली, नांदेडकडील शेतांत जाते. कालवा, तेलावरचे इंजिन आणि विजेचा पंप गावोगाव पोहोचले, तसे नाडा आणि सोंदूर विहिरीवरून उतरले.

२१/
भोयांपुढचे पाणीही बदलले. वाहती, उन्हाळ्यात डोहांपुरती उरणारी नदी जाऊन खोल, रुंद, स्थिर जलाशय आला. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून फेकायचे जाळे तेथे कमी पडू लागले. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात संप्रेरकाच्या साहाय्याने कार्प माशांचे प्रजनन घडवले आणि मत्स्यबीज हुकमी मिळू लागले. देशभरच्या जलाशयांत कटला, रोहू, मृगळ सोडले गेले. मासा मोठा, पाणी खोल. म्हणून संध्याकाळी पाण्यात उभी भिंत लावावी तसे जाळे सोडायचे आणि पहाटे काढायचे, ही पद्धत आली. आसात शिरलेला मासा कल्ल्यांपाशी अडकतो, मागे फिरू शकत नाही. सांगडीच्या जागी आता अनेक जलाशयांवर थर्माकोलचा तराफा दिसतो. भोपळे गेले, बांधणे राहिले.

२२/
आणि नायलॉन आले. १९३५ साली अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेला हा धागा दुसऱ्या महायुद्धानंतर जगभरच्या जाळ्यांत शिरला. भारतात १९५७ साली कोचीला मत्स्य तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था सुरू झाली, तिने कृत्रिम धाग्याच्या जाळ्यांवर काम केले. नायलॉन कुजत नाही, हलके असते, पाण्यात जवळजवळ दिसत नाही. पण ते गुळगुळीत असते. पिढ्यान्‌पिढ्यांची एकेरी गाठ त्यावर सरकू लागली, आस वेडेवाकडे होऊ लागले. उपाय कोळ्यांच्या बोटांनीच उचलला: फाशामागून एकाऐवजी दोन वेढे घ्यायचे. दुहेरी गाठ. धाग्याचा स्वभाव बदलला, म्हणून गाठ बदलली. तंत्रज्ञानाचा इतिहास सुईएवढ्या जागेत इतका स्पष्ट क्वचितच दिसतो.

२३/
गळाचीही तीच कथा. जुन्या गळाच्या चपट्या दांडीला सूत गुंडाळून घट्ट आवळीत. नायलॉनच्या तंगूससाठी वेगळी गाठ लागते: टोक गळाच्या नेढ्यातून काढावे, ताणलेल्या धाग्याभोवती पाच-सहा वेढे द्यावेत, टोक मागे आणून नेढ्याजवळच्या छोट्या फटीतून घालावे. आवळण्यापूर्वी गाठ पाण्याने ओली करावी. कोरडी ओढली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथेच कमजोर होते. सुताला हे कधी करावे लागले नव्हते.

२४/
नायलॉनने श्रम वाचवले, हे मान्यच केले पाहिजे. रोज जाळे वाळवण्याचा जाच गेला. मोबदला निसर्गाने वसूल केला. सुताचे हरवलेले जाळे काही महिन्यांत कुजून निकामी होई. नायलॉनचे हरवलेले जाळे वर्षानुवर्षे पाण्याखाली मासे, कासवे, पक्षी पकडत राहते, कोणासाठीही नाही. दोर वळणाऱ्यांचा हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे. बाजारात नायलॉनचा दोर आला आणि वाखाच्या दोराची मागणी आटली. अपमानाशी बांधलेले बलुते सुटले, हे चांगलेच झाले. पण कौशल्यही त्याच्याबरोबर बिनमोल झाले. ज्या विद्येला ती गरजेची असताना मान मिळाला नाही, तिला ती जाताना निरोपही मिळाला नाही.

२५/
ती विद्या उरली आहे ती दोन ठिकाणी. एक, भाषेत: खूणगाठ बांधणे, वेसण घालणे, दावणीला बांधणे, गळाला लागणे, चऱ्हाट वळत बसणे, निरगाठ-सुरगाठ. दोन, काही हातांत. सत्तरी ओलांडलेले जे हात एकेकाळी मांडीवर वाख पिळत, जे अजूनही न पाहता जाळ्याचा आस भरतात, त्यांच्यात. इतिहासाचे विद्यार्थी मोडी वाचायला शिकतात, शिलालेखांचे ठसे घेतात. गाठीचा ठसा घेण्याची एकच रीत आहे: समोर बसायचे, दोरी हातात घ्यायची, ती शिकायची, तिचे त्या गावातले नाव विचारायचे आणि शिकवणाऱ्याचे नाव, त्याची संमती घेऊन, वहीत लिहायचे.

२६/
सिंहगडाची माळ वळणाऱ्याचे नाव आता कधीच कळणार नाही. येलदरीच्या काठावर, जिंतूरच्या एखाद्या वाडीत, पूर्णेच्या खालच्या अंगाला कोणाच्या आजोबांना अंबाडीचा दोर वळता येत होता, हे मात्र आज विचारले तर कळू शकते. दहा वर्षांनी विचारले तर बहुधा कळणार नाही. या धाग्यातील एक तरी गाठ आज घरात बांधून पाहावी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना तिचे नाव विचारावे. मिळालेला शब्द खाली प्रतिसादात गावाच्या नावासह लिहावा.

(धागा समाप्त)